नेव्हिल डिसूझा यांची गोलवही : मेलबर्नची पाने पूर्ण झाली

गेले तीन महिने मी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील भारताच्या फुटबॉल सामन्यांची वही हाताने लिहीत आहे. प्रत्येक सामन्याला एक पान दिले असून, पानावर नव्वद मिनिटांचे नव्वद चौकोन आखून गोल झाला तो चौकोन शाईने भरायचा, अशी पद्धत ठेवली आहे. पहिल्या फेरीच्या पानावर मात्र एकही चौकोन भरलेला नाही. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पुढे चाल मिळाली होती, आणि तेवढीच नोंद तिथे केली आहे.

सर्वाधिक वेळ १ डिसेंबरच्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्याने घेतला. मूळचे गोव्यातील आसगावचे आणि मुंबईत टाटा संघाकडून खेळणारे नेव्हिल डिसूझा यांनी नवव्या मिनिटाला भारताला आघाडी मिळवून दिली. सतराव्या मिनिटाला मॉरोने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल, एकेचाळिसाव्या मिनिटाला पुन्हा मॉरो. मध्यंतरापर्यंतचे हे चार चौकोन आलटून पालटून भरताना सामन्याची चुरस जशी जाणवते, तशी नुसता ४-२ हा निकाल वाचून जाणवत नाही. पन्नासाव्या मिनिटाच्या तिसऱ्या गोलने त्यांची हॅटट्रिक पूर्ण झाली, ऑलिंपिक फुटबॉलमधील आशियाई खेळाडूची पहिली हॅटट्रिक. ऐंशीव्या मिनिटाला किट्टू यांनी चौथा गोल केला.

उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल नेव्हिल यांचाच होता. चारच वर्षांपूर्वी हेलसिंकीत याच देशाने भारताला १०-१ असे हरवले होते, हे ध्यानात घेतले तर प्रशिक्षक रहीमसाहेबांच्या या संघाने काही मिनिटे का होईना घेतलेल्या आघाडीचे मोल कळते. सामना १-४ असा गेला, कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असे हरवले आणि भारत चौथा आला.

या महिन्यात हाती लागलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे प्रत्येकी चार गोल तिघांचे आहेत : नेव्हिल, युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोव्हिच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह. त्यांच्या गोलांची फोड करून पाहिली, तेव्हा तिघांचाही हिशेब तीन अधिक एक असाच निघाला. तिघांनीही उपांत्यपूर्व फेरीत हॅटट्रिक केली आणि दोघा परदेशी खेळाडूंचा चौथा गोल भारताविरुद्धच झाला. ते दोन गोल अडवले गेले असते, तर या यादीच्या शिखरावर नेव्हिल डिसूझा हे एकच नाव उरले असते.

म्हणून या दोन गोलांचे चौकोन मी हिरव्या शाईने भरले आहेत. पुढचे पान १२ डिसेंबरच्या सिडनीतील मैत्रीपूर्ण सामन्याचे आहे, ज्यात भारताने ऑस्ट्रेलियाला पुन्हा, आणि या वेळी ७-१ असे हरवले. त्याचे चौकोन कालच आखून झाले.