रामकुंडावरची वही

आज सकाळी नाशिकला रामकुंडावर आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो. गाव, आडनाव सांगताच गुरुजींनी लाल कापडात गुंडाळलेली लांबट वही सोडली. पिवळ्या पानावर मोडीत पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, गावाचं, आणि शेवटी दोन शब्द: ‘आगबोटीवर खलाशी’. शाई जागोजागी फुटलेली. मला मोडी येत नाही, गुरुजींनी बोट ठेवून वाचून दाखवलं. डोळेच भरून आले.

ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या १९१५ च्या खलाशी-याद्या ग्रीनविचच्या संग्रहालयात आहेत, इंटरनेटवर नावाने शोधता येतात. पण आपली नावं तिथे कानाला ऐकू आली तशी लिहिलेली, आणि पणजोबांना तिथे शोधताना मी मात्र एकच स्पेलिंग धरून बसलो होतो! आता गावावरूनही शोधेन.

घरी येऊन आत्याला फोन केला. म्हणाली, “त्यांची पत्र्याची पेटी अजून माळ्यावर आहे रे.” रविवारी निघतोय.