शिरपूर ते बाग: व्हेल नाही भेटला

भाच्याने यूट्यूबवर न्यूझीलंडच्या वायटाकी भागाचा व्हिडिओ पाहिला, चुनखडीच्या कड्यात बलीन व्हेलची (तोंडात दातांऐवजी झालर असलेल्या व्हेलची) हाडं, अडीच कोटी वर्षं जुनी. तेव्हापासून एकच धोशा, "मामा, आठे भेटी का?" (इथे मिळेल का?) म्हटलं न्यूझीलंड काही परवडत नाही बाबा, पण समुद्रात तयार झालेली चुनखडीच बघायची तर ती चार तासांवर आहे, धार जिल्ह्यातल्या बागला.

डिसेंबरातल्या रविवारी पहाटे पाचला निघालो. बिजासन घाट, सेंधवा, बडवानी, नर्मदा ओलांडून कुक्षी आणि मग बाग. पहाटेच निघा, घाटात एकदा ट्रकांच्या मागे अडकलात तर दिवस गेला. सोबत कळण्याच्या भाकरी अन् ठेचा होता म्हणून वाचलो, मधे धड हॉटेल दिसलं नाही.

घाटात सगळा आपला काळा दगड, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. बागकडे मात्र वाळूचा दगड अन् चुनखडी उघडी पडलीये, कारण लाव्हाच्याही आधी, ९ कोटी वर्षांपूर्वी, पश्चिमेकडून समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात आत शिरला होता. एका शेताच्या बांधावरचे दगड बघायला मालक काकांना विचारलं, ते म्हणाले "देख लो, ले जाना मत". पिवळट-तांबूस दगड, अन् त्यात जाड शेवेचे तुकडे सिमेंटात कालवल्यासारखे! ते ब्रायोझोआ, समुद्रातले बारके वसाहती करून राहणारे जीव. भाच्याला बोराएवढा सी अर्चिन (समुद्रातला काटेरी गोळ्यासारखा जीव) दगड झालेला दिसला, वर पाच पाकळ्यांची नक्षी एकदम साफ. दहाचा कॉइन शेजारी ठेवून फोटो काढला अन् दगड होता तिथेच ठेवला. तुम्हीही तेच करा, इथल्या डायनासोर फॉसिल (जीवाश्म) पार्कच्या हद्दीत तर काही उचलायचंच नाही.

पण व्हेल? तो इथे मिळणारच नाही, कारण हा समुद्र होता तेव्हा व्हेल जन्मालाच आला नव्हता, त्याचे पूर्वज पाण्यात उतरले ५ कोटी वर्षांपूर्वी. बलीन घराण्यातला सगळ्यात जुन्यांपैकी एक, मिस्टाकोडॉन, ३.६४ कोटी वर्षांपूर्वीचा, पेरू देशात सापडलाय, अन् गंमत म्हणजे त्याला दात होते. आताच्या बलीन व्हेलला दातांऐवजी कंगव्यासारखी झालर असते, ती आपल्या नखांच्याच मटेरियलची, त्यामुळे फॉसिलमधे हाडं टिकतात पण झालर बहुतेक वेळा जाते. हे सगळं ऐकून पोरगं तासभर रुसून बसलं.

वेळ असेल तर बागच्या लेण्याही बघा, त्या वाळूच्या दगडात कोरल्यात, भिंतींवरची चित्रं मात्र बरीचशी काढून ग्वाल्हेरच्या म्युझियमला नेलीयेत, फार अपेक्षा ठेवू नका. बूट घाला, पाणी जास्त घ्या, भिंग असेल तर उत्तम. उन्हाळ्यात अजिबात जाऊ नका, दगड तव्यासारखा तापतो.

घरी आल्यावर भाच्याने आजीला सांगितलं, पुढच्या वर्षी मामा मला पेरूला नेणारे. आजी म्हणे, आत्ता बागेतूनच तर आले ना रे तुम्ही?