ब्रेड नाही, कांदा नाही: फक्त मांसाचा सोपा मीटलोफ

मीटलोफ म्हणजे खिमा एकत्र बांधून ओव्हनमध्ये भाजलेला, पावासारखा काप करता येणारा लांबट गोळा. त्याच्या नेहमीच्या कृतीत ब्रेडचा चुरा, दूध, परतलेला कांदा आणि वरून गोडसर टोमॅटो सॉस असतो. कार्निव्होर किंवा निव्वळ मांसावर आधारलेला आहार घेणाऱ्यांसाठी यातलं जवळजवळ सगळंच बाद. मग बरेच जण नको ते वगळतात आणि उरलेला खिमा व अंडी तशीच ओव्हनमध्ये सरकवतात. तासाभराने बाहेर येते ती आक्रसलेली, कोरडी वीट, आणि ट्रेमध्ये करडं पाणी.

हे असं होतं, कारण ब्रेड तिथे नुसतं वजन वाढवायला नसतो. दुधात भिजलेला चुरा पाणी धरून ठेवतो आणि मांसातल्या प्रथिनांना एकमेकांना घट्ट चिकटू देत नाही. मांस ६० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की त्यातलं कोलॅजेन (मांसाला धरून ठेवणारं चिवट, तंतुमय प्रथिन) आकसायला लागतं आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतं. ब्रेड असेल तर यातलं बरंचसं पाणी तो शोषून घेतो. तो काढला की ते काम चरबी, मीठ, जिलेटिन (कोलॅजेनपासून बनणारी, थंड झाल्यावर जेलीसारखी बसणारी पावडर) आणि नेमकं तापमान यांच्याकडून करून घ्यावं लागतं. मसाले, सजावट वगैरे त्यानंतर.

आधी खिमा. त्यात साधारण २० टक्के चरबी हवी. १५ टक्के चालेल, पण १० टक्क्यांच्या खाली गेलात तर पुढचं काहीही केलं तरी लोफ कोरडाच होणार. २५ टक्क्यांच्या वर गेलं तर चरबी वितळून ट्रेमध्ये जाते आणि लोफ बसतो. बीफ, पोर्क, लॅम्ब, कोणताही चालतो. निम्मं बीफ आणि निम्मं पोर्क हे मिश्रण आम्हाला सगळ्यात बरं वाटतं, कारण बीफला चव असते आणि पोर्कची चरबी मऊ असते. बकऱ्याचा खिमा बहुधा कमी चरबीचा निघतो, तेव्हा त्यात किलोमागे १०० ते १५० ग्रॅम चरबी वेगळी दळून मिसळायला सांगा. खिमा मध्यम जाड असावा. यंत्रातून दोनतीनदा काढलेला बारीक खिमा शिजल्यावर सॉसेजसारखा घट्ट होतो. कोंबडीच्या खिम्याचा मीटलोफ होतो, पण छातीच्या मांसाचा असेल तर त्यात चरबी जेमतेम २-३ टक्के असते. तो करायचाच असेल तर मांडीचं मांस सालीसकट दळून घ्या.

चरबीबद्दल एवढं बोलण्याचं कारण फक्त चव नाही. ध्रुवप्रदेशात फिरलेले संशोधक विल्यालमुर स्टेफान्सन यांनी १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाच्या देखरेखीखाली निव्वळ मांसाहाराचा प्रयोग सुरू केला. डॉक्टरांनी सुरुवातीला त्यांना मुद्दाम चरबी नसलेलं मांस दिलं. दोनतीन दिवसांतच मळमळ आणि जुलाब सुरू झाले. चरबी परत ताटात आल्यावर ते सावरले. ज्यांच्या जेवणात दुसरं काहीच नाही, त्यांनी कमी चरबीचा खिमा ‘तब्येतीला बरा’ म्हणून आणू नये.

एका लोफसाठी लागणारं सामान असं:

खिमा १ किलो
मोठी अंडी २
मीठ १५ ग्रॅम
जिलेटिन पावडर १० ग्रॅम
हाडांचं थंड सूप किंवा साधं पाणी १०० मिली
चालत असेल तर मिरपूड, अर्धा चमचा

मीठ वजनावरच घ्या. चमच्याने मोजलं की दाण्याच्या जाडीनुसार निम्म्या-दुपटीचा फरक पडतो. १५ ग्रॅम म्हणजे खिम्याच्या दीड टक्का. चीज किंवा बेकन घालणार असाल तर १२ ग्रॅमवर या. मीठ फक्त चवीचं नाही. ते मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन विरघळवतं, आणि शिजताना तेच प्रथिन सगळ्या खिम्याला एकत्र बांधतं. मीठ फार कमी घातलं तर काप करतानाच लोफ भुगा होतो, आणि लोक दोष अंड्यांना देतात.

अंडी दोनच. तिसरं घातलं की लोफ जास्त घट्ट बांधला जाईल असं वाटतं, पण प्रत्यक्षात तो रबरासारखा लागतो. अंडी अजिबात चालत नसतील, म्हणजे फक्त रवंथ करणाऱ्या प्राण्यांचं मांस, मीठ आणि पाणी एवढ्यावर राहणाऱ्यांसाठी, बीफचं जिलेटिन १५ ग्रॅम करा आणि खिमा थोडा जास्त मळा. लोफ जरा घट्ट होईल, पण उभा राहील.

आता कृती. सूप किंवा पाणी एका पसरट वाटीत घ्या, त्यावर जिलेटिन भुरभुरवा आणि ५ मिनिटं हात लावू नका. एकाच जागी ओतलं तर वरचा थर फुगतो आणि आत कोरड्या गुठळ्या राहतात. फुगलेलं जिलेटिन, फेटलेली अंडी, मीठ आणि मिरपूड एकत्र करा. मीठ असं ओल्या मिश्रणातून गेलं की सगळीकडे सारखं पसरतं आणि त्यासाठी खिमा रगडत बसावं लागत नाही.

खिमा फ्रिजमधून थेट काढलेला, थंडगार हवा. बाहेर अर्धा तास ठेवलेल्या खिम्यातली चरबी हाताच्या उबेने लगेच पातळ होते, मांसाला लेपासारखी लागते आणि शिजताना वाहून जाते. परात मोठी घ्या, बोटं फाकवून पंजासारखी धरा आणि खालून वर उचलत मिसळा. मिनिटभर, फार तर दीड. कधी थांबायचं हे मिश्रणच सांगतं: खिम्याचे लांबट धागे अजून वेगळे दिसत असतात, पण मूठभर उचलून दाबलं तर गोळा फुटत नाही आणि तळहाताला पातळ चिकट थर राहतो. धागे दिसेनासे होऊन गुळगुळीत लगदा झाला असेल, तर पुढे गेलात. तिथून मागे येता येत नाही. तो लगदा छोट्या वड्या करून तव्यावर भाजा आणि लोफ पुन्हा कधीतरी करा.

लोफ ओव्हनमध्ये जायच्या आधी रुपयाएवढी टिकली करून तव्यावर भाजा आणि चाखा. मीठ कमी असेल तर ते दुरुस्त करायची ही शेवटची वेळ.

साच्याबद्दल आमचं मत ठाम आहे: वापरू नका. ब्रेडच्या उभ्या साच्यात सुटलेली चरबी आणि पाणी जायला जागा नसते, त्यामुळे लोफ भाजला न जाता उकडतो. बाजू पांढुरक्या राहतात आणि वेळही पंधरावीस मिनिटं जास्त लागतो. त्यापेक्षा कड असलेल्या ट्रेवर बटर पेपर घाला आणि हातानेच आकार द्या: लांबी २५ सेंटिमीटर, रुंदी ११, उंची ६. उंची याहून वाढवू नका, कारण आतपर्यंत उष्णता पोचेस्तोवर बाहेरचं मांस वाळतं. गोळा या हातातून त्या हातात दोनचारदा आपटा, म्हणजे आतली हवा निघते. हवेचा पोकळ खिसा राहिला तर बरोबर तिथेच काप तुटतो. ओल्या हाताने पृष्ठभाग सारखा करा, भेगा मिटवा. भेग राहिली की ती ओव्हनमध्ये रुंदावते आणि रस तिथूनच पळतो. मधोमध लांबीच्या दिशेने बोटाने उथळ खळगा द्या. शिजताना लोफचा मध्य फुगतो, तो मग सपाट राहतो.

ओव्हन आधीच १८० अंशांवर तापवून ठेवा. पंखा चालणारा ओव्हन असेल तर १६०. मधल्या कप्प्यात ट्रे ठेवा. ५५ ते ६५ मिनिटं लागतात, पण घड्याळावर विसंबू नका. ४५ मिनिटांनी थर्मामीटर काढा आणि लोफच्या टोकाकडून आडवा आत घाला, म्हणजे टोक बरोबर गाभ्यात पोचतं. वरून खुपसलं तर ते आरपार जाऊन ट्रेला टेकतं आणि आकडा खोटा येतो. गाभ्यात ७१ अंश दिसले की बाहेर काढा. कोंबडीचा खिमा असेल तर ७४. यात सूट घेऊ नये: अखंड मांसात जिवाणू बाहेरच्या बाजूला असतात, दळताना ते सगळीकडे मिसळतात, त्यामुळे स्टेकसारखा आत कच्चा ठेवलेला मीटलोफ धोक्याचा. उलट ८० पर्यंत जाऊ दिलात तर सगळी मेहनत वाया. थर्मामीटर नसेल तर हा पदार्थ करण्याआधी तो घ्या. रंगावरून अंदाज करता येत नाही. बेकन घातलेला लोफ त्यातल्या नायट्राइट या टिकाऊपणासाठी घातलेल्या क्षारामुळे पूर्ण शिजल्यावरही गुलाबी दिसतो, आणि काही वेळा खिमा पुरेसा तापण्याआधीच तपकिरी होतो.

बाजूने पांढरट फेसासारखं काहीतरी निघेल. ती मांसातली विरघळलेली प्रथिनं, गोठून वर आलेली. खराब काही नाही. चमच्याने काढून टाका. ते फारच निघत असेल तर ओव्हन जास्त तापला आहे असं समजा, किंवा खिमा फ्रीझरमधला होता आणि वितळल्यावर त्यातलं पाणी ओतून टाकलेलं नव्हतं.

बाहेर काढल्यावर १५ मिनिटं तसाच राहू द्या. गरम लोफ कापला की रस पाटावर सांडतो आणि काप ढासळतात. थोडा निवला की जिलेटिनमुळे रस दाटसर होतो आणि जागच्या जागी राहतो. मग धारदार सुरीने २ सेंटिमीटरचे काप करा, सुरी दाबू नका, पुढेमागे ओढा. सगळं धरून सव्वा किलोच्या आसपास कच्चं मिश्रण होतं, त्यातलं पाव किलोच्या जवळपास पाणी आणि चरबीच्या रूपात जातं. २० टक्के चरबीच्या बीफचे सहा वाटे केले तर प्रत्येकात जवळपास ३० ग्रॅम प्रथिनं येतात.

ट्रेमध्ये जमलेलं फेकू नका. गाळून वाटीत ओता आणि फ्रिजमध्ये ठेवा. वर चरबीचा पांढरा थर येतो, खाली तपकिरी जेली. चरबी काप परतायला, जेली पुढच्या लोफच्या सूपऐवजी.

वरच्या थरासाठी टोमॅटो सॉसची उणीव भासत असेल तर शेवटची १० मिनिटं किसलेलं चीज घाला, किंवा एका अंड्याचा पिवळा बलक चमचाभर वितळलेल्या लोण्यात मिसळून ब्रशने लावा. नुसता रंग हवा असेल तर गाभा ६५ अंशांवर आला की ओव्हन २३० वर न्या. बेकनमध्ये गुंडाळलेला लोफ फोटोत छान दिसतो, पण खालच्या बाजूचं बेकन मऊ, ओलसर राहतं. गुंडाळायचाच असेल तर पट्ट्या फक्त वरून घाला, टोकं बाजूने खाली दाबा, आणि लोफ जाळीवर ठेवा. पाकिटावरची घटकांची यादी वाचा, बऱ्याच बेकनमध्ये साखर असते.

कलेजी घालायची ही चांगली जागा आहे, कारण खिम्यात तिची चव दबते. किलोला १०० ग्रॅम, अगदी बारीक चिरून किंवा मिक्सरमधून काढून. तेवढाच खिमा कमी करा. २०० ग्रॅम घातली तर लोफ पिठूळ होतो आणि कडवटपणा पुढे येतो. कलेजीत अ जीवनसत्त्व फार मोठ्या प्रमाणात असतं, म्हणून गरोदर बायकांनी हा प्रकार टाळावा.

एरवी हाच लोफ आठवड्याच्या जेवणाचा आधार होऊ शकतो. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला तर ३-४ दिवस राहतो. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर पूर्ण थंड झाल्यावर काप करा, दोन कापांमध्ये बटर पेपर घाला आणि फ्रीझ करा. दोनतीन महिने चव टिकते. कच्चा आकार देऊन फ्रीझ करण्याच्या भानगडीत पडू नका. मीठ लागलेला खिमा दिवसभरात आणखी घट्ट होतो आणि वितळताना पाणी सोडतो.

थंड काप खायला सगळ्यात सोपा, कारण जिलेटिन बसल्याने तो अजिबात तुटत नाही. गरम हवा असेल तर बिडाच्या तव्यावर गाळून ठेवलेली चरबी टाका, मध्यम आचेवर एका बाजूने ३ मिनिटं, उलटून २ मिनिटं. काप तव्याला चिकटला असेल तर ओढू नका, खालची बाजू खरपूस झाली की तो आपणहून सुटतो. मायक्रोवेव्ह वापरणार असाल तर झाकण ठेवा आणि निम्म्या पॉवरवर गरम करा. पूर्ण पॉवरवर कडा वातड होतात आणि मध्य थंडच राहतो.