एकाच क्रेटमधली आजी आणि तान्हं बाळ

मालवणचा धक्का, मे महिना संपत आलेला. एका ट्रॉलरवरून 'बारीक मोरी', म्हणजे लहान शार्क, म्हणून क्रेट उतरले. लिलाव सुरू होईपर्यंत माशांची नोंद करायला जेमतेम वीस मिनिटं हातात असतात. एकदा बोली लागली की मासा गिऱ्हाइकाचा, मग त्याला हात लावायचा हक्क उरत नाही. त्यामुळे सगळे क्रेट मोजत बसायचं नसतं. वरवरचा न निवडता मधला एक क्रेट मागून घ्यायचा, तो पूर्ण रिकामा करायचा, जातीनुसार वेगळा करायचा आणि आकडा एकूण क्रेटच्या संख्येने गुणायचा. वरच्या थरावरून अंदाज बांधला तर फसगत होते, कारण मोठे, देखणे मासे मुद्दाम वर मांडलेले असतात.

त्या क्रेटात बहुतेक माल चपट्या, फावड्यासारख्या नाकाच्या मुशीचा, म्हणजे स्कोलिओडॉन लॅटिकॉडसचा होता. ही मुशी पस्तीसेक सेंटिमीटरला वयात येते. हाताला लागलेली ४७ सेंटिमीटरची मादी म्हणजे अनेक वेळा व्यालेली आजीच. तिच्याच खाली तेवढ्याच लांबीच्या कानमुश्या, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याच्या शार्क, निघाल्या, डोक्याच्या पुढच्या कडेला मधोमध खाच असलेल्या. ही खाच बघावीच लागते. झायगेना जातीच्या कानमुशीला मध्ये खाच नसते, मोकरानला असते पण तिच्या डोक्याची पुढची कड जवळजवळ सरळ जाते. या लेविनी जातीच्या कानमुश्या होत्या. उलट्या करून पाहिलं तर छातीच्या परांच्या मधल्या रेषेवर नाळेची चीर अजून उघडी होती. ती काही आठवड्यांत बुजते. म्हणजे ही नुकती जन्मलेली पिल्लं. लेविनीची मादी दोन मीटर ओलांडल्याशिवाय वीत नाही.

लांबी तीच, भावही तोच. शेजारी बसलेल्या काकी म्हणाल्या, "मोरी ती मोरीच गो बाय, तेच्यात लिवचा काय असा?" त्यांच्या बाजूने ते खरंच आहे, बाळंतिणीच्या ताटात दोन्ही सारख्याच चालतात. खोट आहे ती नोंदवहीत. किलोच्या रकान्यात 'मोरी' एवढंच लिहिलं की आजी आणि तान्हं बाळ एका बेरजेत जातं. मग दहा वर्षांनी वजन घटलेलं दिसतं, पण कोण घटलं ते कळत नाही. असे तक्ते बनवणाऱ्यांनी एकदा तरी धक्क्यावर बसून क्रेट उपसायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मोजमापाचंही तसंच आहे. शेपटीचा वरचा पंखा अंगाच्या रेषेत ताणून नाकाच्या टोकापासून सरळ मोजायचं. टेप पाठीच्या गोलाईवरून नेला की लांबी फुगते, आणि पिल्लात तेवढा फरकही महत्त्वाचा असतो. कापडी टेप ओला झाला की ताणतो, म्हणून फायबरग्लासचा. वागळीची, म्हणजे चपट्या पाकट माशाची, लांबी घ्यायची नाही, कारण शेपूट बहुधा तुटलेलं असतं. पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत रुंदी घ्यायची. डीएनए तपासणीसाठी पराचा नखाएवढा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाकताना चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची. बॉलपेनची शाई त्यात विरघळते, आणि मग नमुना कुठल्या माशाचा ते कायमचं हरवतं.

अडतं ते पुढच्या प्रश्नावर: ही पिल्लं नेमकी कुठे जन्मली? ट्रॉलरचे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, म्हणाले, "पंधरा वावांत." (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट खोली.) मला ते पटलं नाही. १९८१ च्या राज्याच्या कायद्याने किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यात ट्रॉलिंगला बंदी आहे, तेव्हा पाच-सहा वाव कबूल करणार कोण? त्यांना दोष देत नाही. प्रश्नच असा आहे की खरं उत्तर दिलं तर दंड बसेल. म्हणून आता क्रेटातला बाकीचा ऐवज बघते. लेप (चपटे, तळाशी राहणारे मासे) किती, कोळंबी किती बारीक, चिखल कसा, यावरून खोलीचा अंदाज येतो. पण तो पुरावा नव्हे. शिवाय एकाच ओढीत जाळं उथळातून खोलात जातं.

दुसरं कोडं महिन्याचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. ट्रॉलर उभे, धक्का रिकामा, आमचे तक्तेही रिकामे. मे अखेर उघड्या नाळेची पिल्लं दिसली, पण वीण तेव्हा संपत आली होती की नुकती सुरू झाली होती, हे या नोंदीतून कळणं शक्यच नाही. बंदी पिल्लांच्या नेमकी उपयोगी पडते की त्यांचे पहिले काही आठवडे तिच्या आधीच निघून जातात, हे त्यावरच ठरतं.

बंदी बिगरयांत्रिक होड्यांना लागू नाही. पावसाने उघडीप दिली की रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जाते, आणि ती अगदी किनाऱ्यालगतच. रापणकरांनी कानमुशीचं पिल्लू मिळालं की फक्त पोटाकडून एक फोटो काढावा, शेजारी काडेपेटी ठेवून आणि तारीख लिहून, एवढंच मागितलं आहे. दोघे तयार झालेत. बाकीच्यांना वाटतं, नोंद झाली की उद्या या माशावरही बंदी येईल.