तुम्ही विचारलंत म्हणून : अनोळखी लोकांना एवढे बारके प्रश्न कशाला?

"ताई, तुम्ही नेटवर अनोळखी लोकांना सारखं काहीतरी विचारत असता, तिकडं पाऊस किती, टोमॅटो काय भाव, एसटी वेळेवर आली का, एवढं कशाला, गुगल आहे की." हे मला नणंदेपासून ते ग्रुपवर कालच आलेल्या मेंबरपर्यंत सगळे विचारतात, आणि मी दरवेळी दोन वाक्यं बोलते आणि विषय तिथंच राहतो, म्हणून आज जरा बसून लिहिते.

मला जे हवं असतं ते गुगलकडं नसतंच हो. ते त्या माणसाकडं असतं जो आत्ता तिथं उभा आहे.

पावसाळ्याचंच घ्या. मी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहते, पंचगंगा घाट चालत जायच्या अंतरावर. जुलै-ऑगस्टमधे आमच्याकडं चहाच्या आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात, ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५५ फूट ७ इंचावर गेलं, २०२१ ला ५६ फूट ३ इंच. आकडा वेळच्या वेळी येतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण तो बंधाऱ्यावरचा आकडा आहे आणि पाणी चढेपर्यंत तो चढत नाही. पुढं काय होणार ते वरच्या लोकांना आधी दिसतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशा सगळ्या नद्या येऊन मिळतात तेव्हा प्रयाग चिखलीला पंचगंगा होते, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर पडणारा पाऊस वेगळा. कोल्हापुरात लख्ख ऊन असतं आणि तिकडं गगनबावड्याला आभाळ फाटलेलं असतं. म्हणून मी विचारत बसते, गगनबावड्यात कोण आहे का, रात्रभर एकसारखा पडला का थांबून थांबून? मांडुकलीत रस्त्यावर पाणी आलंय का, आलं असेल तर टू-व्हीलर जाते का? राधानगरी धरणाचे सातातले किती दरवाजे उघडलेत? रेडेडोह फुटला का, म्हणजे तिथं नदी पात्र सोडून बाहेर पसरली का?

एका पावसाळ्यात बावड्याकडच्या कुणीतरी, ज्याचं नाव मला आजही माहीत नाही, उत्तर दिलं होतं ते मी जपून ठेवलंय. "कालपास्नं जनावरं सोडली न्हाईत. सकाळी साकवाच्या खालचा मोठा दगड दिसत हुता, आता साकवावरनंच पाणी जायलंय. आमच्यात असं झालं की तुमच्यात उद्या बघा." बस्स, एवढंच. त्यात मिलिमीटर नाही, क्युसेक नाही, पण सकाळी दगड दिसत होता आणि आता दिसत नाही हे वाचल्यावर मी काही विचार न करता खालच्या कपाटातली कागदपत्रं, पोरांची दप्तरं आणि गव्हाचा डबा माळ्यावर चढवला, शेजारच्या आजींनाही हाक मारली. त्या माणसाला माझ्याकडनं काही मिळायचं नव्हतं. एका बाईनं विचारलं आणि त्यानं दारात उभं राहून जे दिसलं ते सांगितलं, त्याचं मला फार मोल वाटतं.

आणि पुराच्या दिवसांत दुसरंही एक होतं, अमुक धरण फुटलं म्हणून ऑडिओ क्लिप फिरायला लागते. व्हॉट्सॅपनं २०१८ ला आपल्याकडं फॉरवर्ड एकावेळी पाच चॅटपुरतं केलं, तरी घाबरलेला माणूस पाच-पाच करत गावभर पोचवतोच. अशा वेळी "हे खरं आहे का?" असं विचारून काही उपयोग नाही, त्यावर शंभर जण मतं देतात, निम्मे हो म्हणतात आणि निम्मे नाही. मी विचारते, धरणाच्या खालच्या पहिल्या गावातलं कोण जागं आहे का, तुमच्या घरातनं नदी दिसते का, आत्ता कुठवर आहे? याला उत्तर देणारे एक-दोनच असतात पण ते बघून सांगतात, आणि खाली कुणीतरी लिहितं, बरं झालं विचारलंत, आई रडत होती.

माझं सगळं म्हणणं खरं तर इथंच आहे. प्रश्न बारका ठेवला की माणूस बघितलेलं सांगतो, मोठा केला की ऐकलेलं सांगतो. "शेतकऱ्यांची परिस्थिती कशी आहे" असं विचारा, टीव्हीवरचीच चर्चा परत ऐकायला मिळेल, तीच माणसं, तेच पक्ष, तीच भांडणं. त्याऐवजी विचारा, तुमच्या खात्यावर उसाचे टनाला किती जमा झाले आणि ऊस तुटून गेल्यावर कितव्या दिवशी? २०२५-२६ च्या हंगामाला केंद्रानं एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा कमीत कमी दर, क्विंटलला ३५५ रुपये धरलीय, म्हणजे टनाला ३५५०, पण ती १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातनं सव्वादहा किलो साखर निघाली तर, पुढं उतारा कमी-जास्त तसा दर बदलतो आणि त्यातनं तोडणी-वाहतूक वजा होते. पैसे १४ दिवसांत द्यायचे हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. हे सगळं कागदावर वाचता येतं. पण करवीरमधला एक, शिरोळमधला एक, तिकडं सांगली जिल्ह्यातला एक, असे चार जण आपापल्या पासबुकात बघून लिहितात ना, तेव्हा बातमीतला दर आणि हातात पडलेला दर यांच्यात किती अंतर आहे ते दिसतं. कुणी भांडत नाही. पासबुकाशी कोण भांडणार? उलट एकानं दुसऱ्याला विचारलं, तुमची वाहतूक एवढी कमी कशी कापली, आणि मग त्या दोघांचंच अंतरावरनं आणि टोळीवरनं जे बोलणं झालं ते मी नुसतं वाचत बसले, मला त्यातलं निम्मं आधी माहीतच नव्हतं.

जीएसटीचं पण तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ टक्क्यांवरनं ५ टक्क्यांवर आलं. सगळीकडं चांगलं की वाईट यावर घमासान चाललेलं, मी एवढंच विचारलं की तुम्ही नेहमी घेता ती टूथपेस्ट मागच्या महिन्यात कितीला घेतली आणि या महिन्यात कितीला, दुकान मोठं का गल्लीतलं? कुणाला लगेच कमी लागली, कुणाला जुन्या छापील किमतीलाच मिळाली. मग एक दुकानदारच बोलला, की ताई माल आधीच्या टॅक्सनं भरलाय, माझा त्यात जीव अडकलाय, होलसेलवाला काय म्हणतो ते बघतोय. त्याचं पटो न पटो, पण काउंटरच्या पलीकडनं गोष्ट कशी दिसते ते त्यानं सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर आम्ही सगळे गिऱ्हाईकं एकमेकांतच बोलत बसलो असतो.

बातम्यांचंच विचारते असं नाही हां. रात्री किती वाजता जेवता, भाकरी घरात कोण थापतं, पाव्हणे न सांगता आले तर पटकन काय करता, असलं पण विचारते. आमच्याकडं मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड देतात, पाव नाही, हे मी लिहिलं तर पुणे-नाशिकची माणसं तुटून पडली, आणि त्या गडबडीत एका मुलीनं लिहिलं की ती नोकरीला बेंगलोरला असते, रविवारी एकटीच ब्रेड आणून मटकीची उसळ करते, वर फरसाण टाकते आणि आईला फोटो पाठवते. ती परत कधी काही बोलली नाही. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध समोर काढून देतात हे सांगितलं तर खानदेशातल्या एका काकांनी त्यांच्या गावच्या गवळ्याचं असं वर्णन केलं की मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. हे कशाच्या उपयोगाचं? माणसं कशी राहतात हे मला कळतं, आणि मला ते कळून घ्यायला आवडतं, याहून जास्त कारण माझ्याकडं नाही.

उलटंही होतं, लोक मला विचारतात आणि मी त्याला तेवढाच वेळ देते. ऑगस्ट २०२५ ला हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं, सहा जिल्ह्यांचं काम आलं, तेव्हा सिंधुदुर्गातल्या एका गृहस्थांनी विचारलं की पहिल्यांदाच तारखेला येतोय, वडील बरोबर आहेत, त्यांना गुडघ्याचा त्रास आहे, स्टँडवरनं कसं यायचं आणि बसायला जागा मिळते का? सीपीआर दवाखान्याच्या समोर, रिक्षानं या, हे कुणीही सांगेल, पण बसायचं मला माहीत नव्हतं, म्हणून बाजारला जाताना मी वाकडी वाट करून बघून आले आणि मग लिहिलं. जे बघितलं नाही ते सांगायचं नाही हा नियम मी स्वतःलाही लावते. तसंच नोव्हेंबरात किरणोत्सवाला बाहेरगावची माणसं विचारतात, आज मावळत्या सूर्याची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर कुठपर्यंत आली. ढग असले तर तसं सांगते, उगाच आशा लावत नाही.

काही गोष्टी मी विचारत नाही. आडनाव, जात, पगार, पत्ता, घरात आत्ता कोण कोण आहे, यातलं काही नाही, आणि कुणी आपणहून नंबर टाकला तर काढायला सांगते. विचारताना आपलं आधी सांगायचं, आमच्याकडं गवार एवढ्याला मिळाली, तुमच्याकडं? म्हणजे समोरच्याला झडती घेतल्यासारखं वाटत नाही. आणि उत्तरं आली की त्यांतनं काय कळलं ते त्यांनाच परत लिहायचं, हे तर पाहिजेच, लोकांनी वेळ काढून सांगितलेलं असतं.

आता तुम्ही इथवर वाचलंच आहे तर तुम्हालाच एक विचारते. आमच्या नात्यातल्या एका गावात ग्रामसभेला फारसं कोणी जात नाही, २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की जिलेबी घेऊन सगळे घरला. तुमच्या गावात शेवटची ग्रामसभा कधी झाली, तुम्ही स्वतः गेला होता का, आणि बायका किती होत्या? आकडा अंदाजे चालेल, पण बघितलेला असू दे.