मॉडेलने पाठ केली पेनाची शाई

'एआयने कॅन्सर शोधला' अशी बातमी आली की घरचे मला फॉरवर्ड करतात आणि खाली विचारतात, तू हेच करतेस ना? हो हेच करते, पण माझा अर्धा दिवस धुरकट स्कॅन आणि सुरकुतलेले काप बाजूला काढण्यात जातो, ते बातमीत कोण छापणार.

काम साधारण असं. गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने रंगवतात, पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, बाकीचं गुलाबी. मग काच स्कॅन होते. एका स्कॅनमध्ये अब्जावधी पिक्सेल, एवढी इमेज मॉडेलला, म्हणजे आमच्या एआय प्रोग्रॅमला, एका घासात गिळवत नाही म्हणून तिचे हजारो चौकोन कापायचे आणि त्यात कॅन्सरची गाठ आहे का ते ओळखायला मॉडेलला शिकवायचं.

तर मागे माझं मॉडेल ९७ टक्के अचूक आलं. लॅबमध्ये सगळे खूश, मी तर रिसर्च पेपरचं टायटल पण मनात ठरवून टाकलं. मग सहज हीटमॅप काढला (मॉडेल चित्रात नक्की कुठे बघतंय ते त्यात कळतं) तर सगळा लाल रंग जिथे पेशीच नाहीत अशा जागी! झूम केलं आणि कपाळावर हात मारला. पेनाचे ठिपके. पॅथॉलॉजिस्टला (असे काप बघून आजार ओळखणारे डॉक्टर) गाठ दिसली की ते काचेवर पेनाने खूण करतात, म्हणजे शाई दिसली की गाठ आहेच, आणि या पठ्ठ्याने तेवढंच पाठ केलं. शाईवाले चौकोन काढून परत ट्रेन केलं, आले ८१. टायटल गेलं.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही हां. टीसीजीए हा ३३ प्रकारच्या कॅन्सरचा मोठा डेटासेट, आम्ही सगळेच वापरतो. २०२१ मध्ये दाखवलं गेलं की त्यातली स्लाइड (म्हणजे ती काच) कुठल्या हॉस्पिटलातून आलीय हे मॉडेल ओळखू शकतं, रंग सारखे करून घेतले तरीही. आता एखाद्या हॉस्पिटलात गंभीर पेशंटच जास्त येत असतील तर मॉडेल आजार शिकलं की पत्ता?

आणि ते 'मशीनने डॉक्टरांना हरवलं'. स्लाइडमध्ये पसरलेला कॅन्सर शोधायच्या कॅमेलिऑन स्पर्धेत, निकाल २०१७ चा, ११ पॅथॉलॉजिस्टना १२९ स्लाइड्स साधारण २ तासांत बघायला दिल्या होत्या. त्यात सगळ्यात भारी अल्गोरिदम पुढे गेला, खरंय. पण ज्या एका पॅथॉलॉजिस्टला हवा तेवढा वेळ दिला होता त्याच्याशी जवळपास बरोबरीच झाली, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं हेच गळतं.

मला स्वीडनचं मासाई ट्रायल जास्त पटतं. तिथे मॅमोग्राम (स्तनांचे एक्स-रे) एरवी दोन रेडिओलॉजिस्ट बघतात, एआयने कमी धोक्याचे वेगळे केले आणि ते एकानेच बघितले. ८० हजारांवर बायकांच्या तपासणीत वाचायचं काम ४४ टक्के कमी झालं, आणि कॅन्सर सापडायचं प्रमाण घटलं नाही. कोणी कोणाला हरवलं नाही त्यामुळे बातमी फिकी, पण कामाची.

सध्या दुसऱ्या एका हॉस्पिटलच्या स्लाइड्सची वाट बघतेय. तिकडे हिरवा पेन वापरतात म्हणे.