गुडघ्यामागच्या धमनीतला तुटका दुवा

मांडीतून गुडघ्यामागे उतरणाऱ्या धमनीसाठी आम्ही आपोआप उमलणारा स्टेंट, म्हणजे धमनी आतून उघडी धरणारी जाळीदार नळी, तयार करत होतो. निकेल आणि टायटॅनियमच्या नायटिनॉल या मिश्रधातूची नळी लेझरने जाळीसारखी कापायची, साच्यावर चढवून सुमारे ५०० अंश सेल्सियसला तापवायची आणि मग थंड करून कॅथेटरच्या, म्हणजे धमनीत सरकवायच्या बारीक नळीच्या, आवरणात दाबून बसवायची. धमनीत नेऊन आवरण मागे ओढले की शरीराच्या उबेत ती पुन्हा फुलते. फुग्याने फुगवायचा पोलादी स्टेंट इथे धोक्याचा, कारण बाहेरून दाब आला तर तो चेपतो आणि चेपलेलाच राहतो.

नाडीच्या ठोक्यांची चाचणी नमुन्यांनी पार केली होती. दहा वर्षांचे म्हणून ४० कोटी ठोके, सेकंदाला ५० या वेगाने, सलग तीन महिने. एकही तार तुटली नाही. पण पायातली धमनी नुसती धडधडत नाही. पाऊल टाकताना ती वाकते, आखूड होते आणि पिळलीही जाते, म्हणून वर्षाला १० लाख पावले धरून १ कोटी फेऱ्यांची दुसरी चाचणी लावली होती.

ती अर्ध्यावर असताना एका सकाळी मी धमनीऐवजी वापरलेली, आत स्टेंट बसवलेली सिलिकॉनची पारदर्शक नळी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. दोन कड्यांना जोडणारा एक दुवा तुटला होता. त्याचे टोक आत वळून नळीच्या भिंतीत रुतले होते, आणि तिथे एक बारीक पांढरा ओरखडा उमटला होता. सिलिकॉनच्या जागी माणसाची धमनी असती, हा विचार दिवसभर मनातून गेला नाही. सहापैकी चार नमुने नेमके त्याच जागी तुटले होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात तुटलेल्या पृष्ठभागावर ओल्या वाळूवरच्या लाटांसारख्या समांतर रेषा दिसल्या; म्हणजे तडा एका झटक्यात गेला नव्हता, फेरीगणिक पुढे सरकला होता.

चूक आमच्याच गणितात होती. संगणकावर आम्ही वाक वेगळा तपासला आणि पीळ वेगळा. दोन्ही एकत्र कधी तपासलेच नाहीत. तसे तपासल्यावर सगळ्यात जास्त ताण त्याच दुव्याच्या मुळाशी दिसला.

संध्याकाळपर्यंत आम्ही निम्मे दुवे काढून उरलेले सर्पिल ओळीत मांडले. त्यामुळे जाळी मोकळेपणाने पिळू लागली, पण वाकल्यावर बाहेरच्या बाजूची कडी एकमेकांपासून जास्त लांब जातात, आणि त्या फटीतून धमनीच्या भिंतीवर साचलेला थर आत डोकावू शकतो. नव्या नमुन्यांनी १ कोटी फेऱ्या पूर्ण केल्या, एकही दुवा तुटला नाही. ती फट मात्र अजून मला हवी त्यापेक्षा रुंद आहे आणि सध्या काम तिच्यावरच चालू आहे.